दिवेलागणीचं विरजण

भर दुपारी, वामकुक्षीच्या वेळी, शेजारच्या बंगल्यातून "साप! साप! धावा रं!" अशी बोंब आली तर तुम्ही काय कराल? आमच्या कॉलनीनं खिडक्या लावून घेतल्या. थट्टा नाही करत, मी त्याच बंगल्यात उभी होते. एकेका घराच्या खिट्ट्या पडल्या ते या कानांनी ऐकलं. बंगल्याच्या मालकीणबाई स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसल्या होत्या. आणि बोंब मारणारा माणूस, म्हणजे आमचे सुभेदार, मधल्या खोलीत ताठ उभा राहून, एकदा डावीकडं नि एकदा उजवीकडं मान वळवून, कुणी येतंय का ते बघत होता. साप कुठंच नव्हता.

शेवटी आला कोण, तर रस्त्यानं ऊस घेऊन चाललेला एक गाडीवान. हातात चाबूक. "कुठं हाय वो?" म्हणत थेट आत घुसला. सुभेदारांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "गेला त्यो. पानी पी गड्या." मग ओट्याकडं बघून मालकीणबाईंना म्हणाले, "बाई, घर झ्याक हाय तुमचं. पर आमाला नको."

त्या बाई पुढं कितीतरी वर्षं हळदीकुंकवात माझ्याकडं पाठ करून बसायच्या. आता यात माझा काय दोष, सांगा!

सुभेदार आमचे भाडेकरू. गाव उंब्रजच्या अलीकडचं, हयात सगळी फौजेत गेलेली. बांगलादेशची लढाई झाली, त्यानंतर ते पेन्शनीत आले, आणि बायकोला घेऊन आमच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहायला आले. 'घर मिळंस्तवर,' असं म्हणून आले होते. मूलबाळ नव्हतं. काकूंचं माहेर सांगलीच्या बाजूचं, म्हणून घर सांगलीतच घ्यायचं, आणि तेही विश्रामबागेत, हे ठरलेलं. तेव्हा विश्रामबाग म्हणजे सांगलीतली बड्यांची वस्ती. गावात हळदीचा वास आणि इकडं बोगनवेली. डॉक्टर, वकील, कारखान्यातले साहेब, बागायतदारांची शिकलेली मुलं. प्रत्येक फाटकावर संगमरवरी पाटी आणि तिच्याखाली दुसरी पाटी, 'कुत्र्यापासून सावध रहा'.

या दुसऱ्या पाटीचं सुभेदारांना भारी कुतूहल. समोरच्या ओळीतल्या प्रोफेसरांच्या फाटकाशी ते एकदा बराच वेळ वाकून उभे होते. प्रोफेसरीणबाई बाहेर आल्या, "काय पाहिजे?" हे म्हणाले, "कुत्रं बगतुया. कुठं हाय?" बाई म्हणाल्या, "कुत्रं नाहीये हो, नुसती पाटी आहे." दुसऱ्या दिवशी आमच्या मागच्या दारावर खडूनं लिहिलेलं, 'सुभेदारापासून सावध रहा. नुसती पाटी हाय.' आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सहसा हसायच्या नाहीत. त्या दिवशी पदर तोंडाला लावून न्हाणीघरात गेल्या.

पहाटे उठून सुभेदार आख्खी गल्ली झाडायचे. आपल्या दारापुढची नव्हे हं, आख्खी. अंगात बाह्यांची बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि त्यावर फौजेतला रुंद पट्टा. येणाऱ्याजाणाऱ्याला "राम राम!" एवढ्या मोठ्यानं, की झोपलेलाही राम राम म्हणून उठावा. बड्या वस्तीला राम रामची सवय नाही. लोक आधी मागं वळून बघायचे, की हा कुणाला म्हणतोय.

आणि घर बघणं! देवा रे देवा. काकूंना एकटीला शहरात बोलायची भीड, म्हणून त्या मला सोबतीला न्यायच्या. आम्ही दोघी बायका, स्वयंपाकघर केवढं, पाणी किती वेळ येतं, वाळवणाला गच्ची आहे का, ते बघणार. सुभेदार यातलं काही बघायचे नाहीत. आधी दाराशी उभे राहून विचारायचे, "डावी कोन? उजवी कोन?" मालकाला कळायचंच नाही. कुणी म्हणे डावीकडं संडास आहे. मग हे समजावून सांगायचे, "आवं, तंबू ठोकायच्या आधी बगावं लागतं न्हवं, डाव्या अंगाला कोन, उजव्या अंगाला कोन. म्होरनं येनाऱ्याला आमी बगून घेऊ. पर बाजू राकनारं मानूस पायजे." मालक म्हणायचे, "इथं सगळे सभ्य लोक आहेत हो, कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात." झालं! एवढं ऐकलं की सुभेदारांचं तोंड उतरायचं. ज्या गोष्टीला लोक गुण म्हणून सांगत होते, तिथंच यांचं अडत होतं.

किती घरं नाकारली त्याची मोजदाद नाही. कुणाचं दार जड, कुणाची भिंत उंच. आमचे हे वैतागून म्हणायचे, "सुभेदारांना घर नकोय, टाइमपास हवाय." मला पण तसंच वाटायचं. काकूंचा मात्र जीव टांगणीला लागला होता.

काकू म्हणजे गाय. लग्न झालं आणि नवरा फौजेत गेला. मग आधी सासऱ्यांची उस्तवार, ते गेल्यावर एकटीचा संसार. गावाकडच्या घराचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला, खिडकी नाही, धुरानं डोळे कायम लाल. सुट्टीवर आले की सुभेदार म्हणायचे, "पेन्शनीत आलो की तुला शेरात घर घेतो." ही आपली त्याच्यावर वर्षं काढत राहिली. एवढी वर्षं वाट बघणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि मग आमच्या बरोबर समोरचंच घर विकायला निघालं. मालक पुण्याला मुलाकडं जाऊन राहिले होते, किल्ली आमच्याकडं ठेवलेली. आम्ही तिघं बघायला गेलो. छोटंसं, बैठं घर. काकू स्वयंपाकघरात गेल्या त्या बाहेरच येईनात. जाऊन बघते तर ओट्याशी उभ्या, खिडकीचा गज धरून. खिडकी थेट गल्लीवर उघडणारी. मला म्हणाल्या, "पोरी, हितं भाकरी थापता थापता रस्ता दिसतोय गं." बास, एवढंच. त्या खिडकीशी त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की मी मनात म्हटलं, देवा, आता तरी या माणसाला सुबुद्धी दे.

देव कुठला ऐकतोय! दोन दिवस सुभेदार खुशीत होते. डावीकडं जैनांच्या अक्का, उजवीकडं प्रोफेसर, समोर आम्ही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठं तरी जाऊन आले आणि बाजेवर बसून म्हणाले, "न्हाई. त्ये घर नको." का, ते नाही सांगितलं. आमच्या आनंदावर विरजण पडलं. मी काकूंना म्हटलं, "भांडा की हो! एकदा तरी भांडा!" काकू नुसत्या म्हणाल्या, "त्येंच्या मनात काय तरी आसंल." आणि मोरीत जाऊन भांडी घासत बसल्या. स्वच्छ घासलेली भांडी पुन्हा घासत होत्या. मला सुभेदारांचा असा राग आला म्हणून सांगू!

पुढच्या आठवड्यात काकूंना ताप भरला. त्यातच सुभेदारांनी जाहीर केलं, की आता बास, गावाकडंच परत जायचं. समोरच्या घराला इस्लामपूरचं एक गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. काकूंनी तापातच ट्रंक बाजेखालून पुढं ओढून घेतली होती. मला बघवेना.

त्या संध्याकाळी आत्याबाई देवापुढं दिवा लावून उठल्या होत्या, मी कणीक मळत होते. मागच्या दारात सुभेदार. हातात पितळी वाटी. संकोचून उभे.

"वैनी, मांजरानं दह्याचं गाडगं पाडलं. हिला ताप हाय, तवा दूद म्याच तापवलंय. वाईच विरजन द्या."

आत्याबाई म्हणाल्या, "आवं भावजी, आता दिवं लागलं. सकाळी न्या. आजच्या दिवस तसंच दूध प्या."

मी वर बघितलं. सुभेदारांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, "वैनी, तुमीसुदिक?"

"आँ? मी काय केलं?"

"न्हाई, तुमी तरी देशीला आसं वाटलं हुतं. बाकीच्यांचं सोडा. त्या अक्कांनी 'आता नको, उद्या या' म्हनून सांगितलं. प्रोफेसरीनबाईनी दार लावलं. मागल्या गल्लीत बी त्येच. ह्या वस्तीत वाटीभर विरजन देनारं एक घर न्हाई, वैनी. मंग हितं मी हिला कशाच्या जोरावर ठिवू?"

आत्याबाई आणि मी एकमेकींकडं बघायला लागलो. काही उमजेना. मग त्यांनी विचारलं, "भावजी, तुमी घरोघर विरजन मागत फिरताय? आनि कशापायी?"

सुभेदार उंबऱ्यावर बसले. मागच्या खोलीत काकू झोपल्या होत्या, म्हणून आवाज खाली आणून बोलायला लागले. चीनच्या लढाईत त्यांचा काही दिवस पत्ताच नव्हता. पत्र नाही, तार नाही. गावात लोक म्हणायला लागले, गेला. काकू घरात एकट्या. चूल पेटवायच्या नाहीत, दार उघडायच्या नाहीत. तेव्हा शेजारची एक म्हातारी रोज यायची, "पोरी, विरजन हाय का गं?" म्हणून. विरजण द्यायचं तर दही पाहिजे, दही पाहिजे तर दूध तापवायला पाहिजे, दूध तापवायचं तर चूल पेटवली पाहिजे.

"तिच्या सोताच्या दारात दोन म्हशी बांदल्याल्या, वैनी," सुभेदार म्हणाले. "तिला काय करायचं विरजन? ही जिती हाय का, बगायला येत हुती. म्या परत आलो तवा ही चुलीम्होरं बसलीवती. तवापासनं म्या ठरवलं, घर घेईन ते विरजन मागत येनाऱ्या बायांच्या शेजारातच. मिरजंच्या डाक्टरांनी माझ्या काळजाचं सांगून टाकलंय. आज हाय, उद्या न्हाई. मी गेल्यावर हिचं दार कोन वाजवनार? भित्ती?"

कणकेचे हात तसेच धरून मी उभी राहिले. या माणसाला मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

आत्याबाईंना गहिवरून आलं होतं, पण त्यांचा स्वभाव असा, की गहिवरलं की आवाज चढायचा. "आवं पन तुमाला सांगितलं कुनी ह्या वक्ताला मागायला? दिवं लागल्यावर दूद-दही, विरजन कुनी घराभायेर देतं व्हय? लक्ष्मी जाती घरातनं! अक्का काय, मी काय, परत्यक्ष तुमची ती म्हातारी आसती तरी तिनं न्हाई म्हनलं आसतं!"

"म्हंजी?" सुभेदार उठून उभे राहिले. "कुनीच देत न्हाई?"

"कुनीच न्हाई!"

"पर दही रातीलाच लावत्यात न्हवं? मंग विरजन सांजच्यालाच लागनार की!"

बघा आता, फौजी डोकं! जेव्हा लागतं तेव्हा मागायचं, हिशेब अगदी चोख. आई लहानपणीच गेलेली, मिसरूड फुटायच्या आत भरती झालेला माणूस. चुलीपुढचं शास्त्र त्याला शिकवणार कोण? बायका दुपारीच विरजण मागून ठेवतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

तेवढ्यात मागच्या खोलीतून खोकला आला. मग हसू. मग हसता हसता खोकला. काकू भिंतीला धरून दारात आल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"अवं, ह्ये एवड्या समद्या घरांला तुमी सांजचं इचारत हुता?"

"व्हय."

"मला का न्हाई इचारलं?"

"तुला आनि काय सांगू? मी मरनार हाय म्हनून?"

काकूंचं हसू थांबलं. त्या त्यांच्याजवळ गेल्या, हातातली वाटी काढून घेतली आणि म्हणाल्या, "तुमच्या काळजाचं मला ठावं हाय. रातीला तुमी उठून बसताय, तवा मी काय झोपल्याली आसती व्हय? पर मला ती खिडकी आवडलीया."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं असेल. सुभेदार मान खाली घालून उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. आत्याबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, तशी मी पोळपाट घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पट्टा आवळून निघाले. हातात वाटी. आधी अक्कांकडं. अक्कांनी वाटी भरून दिली आणि वर म्हणाल्या, "त्या दिवशी उद्या या म्हटलं होतं तर तुम्ही आलाच नाही. मी वाटी काढून ठेवली होती." आमच्याकडची दुसरी वाटी घेऊन प्रोफेसरांकडं. प्रोफेसरीणबाईंनी विरजण दिलं, चहा दिला आणि संध्याकाळी दार लावलं म्हणून माफी मागितली, की सांगायचं कसं ते सुचलं नाही. मग मागची गल्ली. सापाची बोंब ऐकून ओट्यावर चढलेल्या बाईंनी तर दाराच्या फटीतून आधी विचारलं, "साप आहे का आज?" आणि मग तांब्याभर दिलं. सुभेदार पुन्हा पुन्हा येत होते, आमच्या स्वयंपाकघरातली भांडी घेऊन जात होते. शेवटी काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आवं, एवड्या विरजनाला मी काय आता कृष्णा नदीचं दूद आनू?" त्या दिवशी दोन्ही घरांत कढी, ताक, दहीभात आणि पुन्हा कढी.

दुपारच्या एसटीनं सुभेदार आणि आमचे हे पुण्याला गेले. इस्लामपूरचं गिऱ्हाईक रविवारी आलं, तेव्हा समोरच्या घराच्या खिडकीत काकू गज पुसत उभ्या होत्या.

त्या घरात सुभेदारांनी पहिलं काम काय केलं, तर अक्कांच्या आणि आपल्या मधल्या भिंतीतल्या विटा काढून वाटी जाईल एवढं भगदाड पाडलं. कॉलनीत केवढी चर्चा झाली! एवढ्या चांगल्या वस्तीत हे काय खेडवळ! पण त्यातून काय काय गेलं-आलं म्हणता! विरजण, कोथिंबीर, वर्तमानपत्र, अक्कांच्या नातवाचा पाळीव पोपट. गल्ली झाडता झाडता सुभेदार खिडकीशी थांबून ओरडायचे, "राम राम, बाईसायेब!" आतून काकू म्हणायच्या, "पुरं झालं. न्ह्यारी करा." रोज तेच. मला माझ्या ओट्यावरून ऐकू यायचं, आणि उगीचच बरं वाटायचं.

दोन दिवाळ्या झाल्या त्या घरात. एके सकाळी गल्ली झाडून झाली, झाडू भिंतीला नीट टेकवला आणि पायरीवर बसले ते उठलेच नाहीत.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. काकूंचा थोरला भाऊ तेवढा थांबला, त्यांना घेऊन जायला. भला माणूस, वाईट हेतू नव्हता. "आता हितं कोन हाय तुजं? घर विकू, चल," म्हणत होता. काकू हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. ट्रंक भरली होती. सकाळी निघायचं ठरलं. मी दिवसभरात तीनदा जाऊन त्यांचा हात धरून बसले.

दिवेलागणीला आत्याबाईंनी देवापुढं दिवा लावला, हात जोडले आणि तशाच पायात चपला घालायला लागल्या. समोर काकूंच्या खिडकीतही दिवा दिसत होता.

"आत्याबाई, कुठं निघालात?"

"विरजन आनायला."

"अहो, आपल्याकडं भरपूर आहे! आणि आता दिवे..."

"ठावं हाय मला," त्या खेकसल्या. मी समजले. त्यांच्या मागोमाग मीही गेले.

काकू ओट्याशी बसून होत्या. भाऊ ट्रंकेला दोरी बांधत होता. आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाल्या, "विरजन हाय का वो घरात? वाटी आनायची इसरले. तुमच्याच वाटीत द्या."

आमच्या आत्याबाई! ज्यांनी आयुष्यात दिवे लागल्यावर कुणाला मिठाचा खडा दिला नाही की कुणाकडं मागितला नाही. भाऊ म्हणाला, "आवं मावशी, दिवं लागलं की!" त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

काकूंनी देवापुढच्या दिव्याकडं बघितलं. मग आत्याबाईंकडं. मग उठल्या, शिंक्यावरचं गाडगं काढलं, ती पितळी वाटी घेतली, काठोकाठ भरली आणि दोन्ही हातांनी पुढं केली. मला रडू आवरेना, मी सरळ रडले.

आम्ही पायरी उतरलो, तेव्हा मागून काकूंचा आवाज आला, शांत, नेहमीसारखा.

"दादा, दोरी सोड ती. उद्याच्याला तू हो म्होरं. माजी वाटी गेलीया त्येंच्याकडं. ती येईस्तवर मला हितंच ऱ्हायला पायजे."

ती वाटी अजून आमच्याकडंच आहे.